पंखा १ वर ठेवा नाहीतर ५ वर, बिल तेवढंच येतं?

हे अजूनही घरोघरी ऐकायला मिळतं आणि लोक खरंच मानतात, म्हणून लिहितोय. पूर्वी भिंतीवर तो मोठा चौकोनी रेग्युलेटर असायचा ना, तापायचा तो, त्याच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं होतं, कारण पंखा हळू केला की वाचलेल्या विजेतली बरीचशी त्या रेग्युलेटरमध्येच उष्णता होऊन जायची. पण आता स्विचबोर्डातच बसतो तो छोटा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, त्यात तसं होत नाही, स्पीड कमी केला की वीज खरोखर कमी लागते. तुमच्याकडे अजून जुना डबा असेल तर आधी तो बदला, स्वस्तातलं काम आहे, इलेक्ट्रिशियन लगेच करून देतो.

आणि पंखाच जुना झाला असेल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस डीसी मोटरचा पंखा घ्या प्लीज. साधा पंखा फुल स्पीडला साधारण ७५ वॅट खातो, हा ३०च्या आसपास. रोज १२ तास धरले तर महिन्याला २७ युनिटऐवजी ११, तेही एका पंख्यामागे, आणि महावितरणचा दर १०० युनिटच्या वर गेलं की बराच वाढतो, त्यामुळे काठावर असणाऱ्यांना तर जास्तच फायदा.