बाबाबुडनगिरी परिसरातील पवित्र निसर्गस्थळे

कर्नाटकातील चिकमगळूर शहराच्या उत्तरेस सह्याद्रीची एक रांग चंद्रकोरीसारखी वळलेली आहे. जुने नाव चंद्रद्रोण पर्वत. हनुमान संजीवनीसाठी द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचा एक तुकडा इथे पडला, असे परिसरातले लोक सांगतात आणि डोंगरावरच्या औषधी वनस्पतींचे श्रेयही त्यालाच देतात. मुळ्ळय्यनगिरी (१,९३० मी.) हे कर्नाटकातील सर्वोच्च शिखर याच रांगेत आहे. त्याहून थोड्याच कमी उंचीच्या बाबाबुडनगिरीवर (सु. १,८९५ मी.) सूफी संत दादा हयात मीर कलंदर यांचे आणि दत्तात्रेयांचे एकच स्थान आहे. भोवतालची तीर्थे, धबधबे, तळी आणि शिखरे यांना या स्थानामुळे पावित्र्य लाभले असे सर्रास म्हटले जाते. परंतु मूळ स्थानही एक नैसर्गिक गुहाच आहे, त्यामुळे डोंगर आणि दर्गा यांना वेगळे काढून पाहणे योग्य नाही.

ही गुहा जांभ्या दगडातील आहे. वाकून आत जावे लागते; आत अंधार, ओल आणि पादुका. दत्तात्रेय याच गुहेत अंतर्धान पावले व पुढे येथूनच पुन्हा प्रकट होतील, अशी हिंदू भाविकांची श्रद्धा आहे. मुसलमान भाविकांच्या दृष्टीने हे दादा हयात कलंदरांचे आसन होय. महाराष्ट्रातील वाचकाला यात फारसे नवल वाटू नये. एकनाथांच्या चरित्रकथेत जनार्दनस्वामींकडे येणारा दत्त मलंगाच्या वेशातच येतो, आणि दत्तसंप्रदायाच्या अनेक कथांत फकीर दारात उभा असतो. वंशपरंपरेने या स्थानाची व्यवस्था पाहणारे शाह कादरी घराणे सज्जादानशीन, म्हणजे दर्ग्याच्या गादीचे वारस, म्हणून ओळखले जाते.

यात्रेकरूंच्या दृष्टीने गुहेच्या खालोखाल महत्त्व पाण्याला आहे. गुहेपासून काही किलोमीटरवर माणिक्यधारा नावाचा धबधबा आहे. पाणी फार नाही, पण कड्यावरून ते थेंबाथेंबांनी सुटते आणि वर्षभर आटत नाही. त्याखाली स्नान करून अंगावरचे एखादे वस्त्र तिथेच टाकून देण्याची प्रथा आहे. त्या वस्त्राबरोबर पीडा जाते, असा समज. स्नानाला दोन्ही धर्मांचे लोक येतात. आज मात्र भिजलेल्या, कुजणाऱ्या कपड्यांचे ढीग ही या जागेची सर्वांत मोठी व्यथा आहे. पूर्वीचे सुती कापड मातीत मिसळून जाई, कृत्रिम धाग्याचे कापड वर्षानुवर्षे तसेच राहते. नवस फेडण्यासाठी झऱ्याचा गळा आवळण्याची गरज नाही, हे भाविकांना पटवणे श्रद्धेच्या विरोधात जात नाही.

इतर तीर्थांपैकी गदातीर्थाची कथा पांडवांशी जोडलेली आहे. वनवासात कुंतीला तहान लागली तेव्हा भीमाने गदेच्या प्रहाराने हे पाणी काढले, असे मानतात. नेल्लिकाई तीर्थ व कामनतीर्थ हीही स्नानाची स्थाने आहेत. वाटेवरच्या गाळीकेरे या लहान तळ्याकाठी वाऱ्याचा जोर इतका असतो की उभे राहणे कठीण जाते. मुळ्ळय्यनगिरीच्या माथ्यावर मुळ्ळप्पास्वामींचे देऊळ असून माथ्याच्या खाली गुहा आहेत. शीतळय्यनगिरीवर शंकराचे स्थान आहे. रांगेच्या दुसऱ्या अंगाला, केम्मण्णुगुंडीजवळ, कल्हत्ती धबधबा वीरभद्राच्या मंदिरासमोर कोसळतो.

एवढे पाणी येते कुठून, याचे उत्तर माथ्यावरच्या गवतात आहे. उंच उतारांवर गवताळ कुरणे आणि त्यांच्या घळींत शोला नावाची ठेंगणी, दाट, सदाहरित वने आहेत. पावसाळ्यात मुरलेले पाणी ही जोडी धरून ठेवते आणि पुढचे कित्येक महिने झऱ्यांवाटे सोडत राहते. वेदा आणि अवती या नद्या याच डोंगरात उगम पावतात. पुढे त्या एकत्र येऊन वेदवती होते आणि कोरड्या पूर्व कर्नाटकाला पाणी पुरवत तुंगभद्रेला मिळते. म्हणजे तीर्थांचे रक्षण हे खालच्या गावांच्या पाण्याचेही रक्षण आहे. याच कुरणांत कुरिंजीची झुडपे असतात. त्यांच्या काही जाती बारा वर्षांतून एकदाच फुलतात. २०२२ साली हे उतार निळेजांभळे झाले होते.

डोंगराचे रूप पालटले ते कॉफीने. सतराव्या शतकात बाबा बुडन हे सूफी साधक हजयात्रेहून परतताना येमेनमधील मोखा बंदरातून कॉफीचे सात दाणे लपवून घेऊन आले आणि त्यांनी ते आपल्या मठीजवळ लावले, अशी परंपरा आहे. भारतातील कॉफीच्या लागवडीचा आरंभ येथूनच मानतात. एकोणिसाव्या शतकात मळे वाढले आणि मधल्या उतारांवरील बरेच जंगल त्यांच्या सावलीत विरघळले. शिवाय या खडकात उत्तम लोहखनिज आहे. भद्रावतीच्या लोखंड कारखान्यासाठी केम्मण्णुगुंडीत दीर्घकाळ खाणकाम चालले.

मार्चच्या सुमारास उरूस भरतो, तर मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती. १९७० च्या दशकात स्थानाचा ताबा वक्फ मंडळाचा की धर्मादाय खात्याचा, यावरून वाद न्यायालयात गेला आणि १९९० नंतर त्याला राजकीय धार आली. गुहेतील विधी मुजावराकडेच, म्हणजे दर्ग्याच्या मुसलमान सेवकाकडेच, ठेवणारा २०१८ चा शासन आदेश उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये रद्द केला. दत्तजयंतीच्या दिवसांत आता मोठा पोलीस बंदोबस्त असतो आणि पर्यटकांना काही दिवस डोंगरावर जाण्यास मनाई करण्यात येते. गुहेवरच्या हक्काची चर्चा इतकी होते की तीर्थांची निगा, कपड्यांची सफाई आणि गवताळ माथ्यावर फिरणाऱ्या गाड्यांना आळा हे विषय मागे पडतात. वास्तविक या कामांवर दोन्ही बाजूंच्या भाविकांचे मतभेद असण्याचे कारण नाही.