चढाची शर्यत, उताराची शर्यत : माउंटन रनिंगची पार्श्वभूमी

डोंगरावर धावण्याच्या शर्यतीचा उगम सांगताना अकराव्या शतकातील स्कॉटलंडचा उल्लेख हमखास येतो. राजा तिसरा माल्कम याने चपळ निरोप्या निवडण्यासाठी ब्रेमारजवळच्या क्रेग कॉइनिच या टेकडीवर शर्यत लावली, अशी ती कथा आहे. ती आख्यायिका म्हणूनच वाचायला हवी. मात्र डोंगर झपाट्याने पार करणे हे आधी पोटापाण्याच्या कामाचे कौशल्य होते आणि खेळ नंतर झाला, एवढे तिच्यातून अचूक कळते. एकोणिसाव्या शतकातील नोंदींमध्येही प्रामुख्याने मेंढपाळ, वाटाडे आणि शिकारीच्या रानांचे रखवालदारच धावताना दिसतात.

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील ग्रासमियर येथे १८६८ पासून वाटाड्यांची शर्यत नोंदलेली आहे. मैदानातून सुटलेले धावपटू समोरच्या कड्यावर चढून परत मैदानात येत आणि हा सगळा खेळ प्रेक्षकांना एका जागी उभे राहून पाहता येई. जिंकणाऱ्याला रोख बक्षीस मिळत असे. त्यामुळे हे धावपटू व्यावसायिक ठरले आणि हौशी ॲथलेटिक्सच्या नियमांनी त्यांना दीर्घकाळ वेगळ्या पंगतीत बसवले.

ब्रिटनचे सर्वांत उंच शिखर असलेल्या बेन नेविसचा (१,३४५ मीटर) इतिहास अधिक बोलका आहे. शिखरावर १८८३ मध्ये हवामान वेधशाळा सुरू झाली आणि तिच्यासाठी वर जाणारी पायवाट बांधली गेली. त्याच वाटेने १८९५ मध्ये फोर्ट विल्यममधील केशकर्तनकार विल्यम स्वॉन वर जाऊन खाली आला. त्याला २ तास ४१ मिनिटे लागली. १८९८ मध्ये तिथे पहिली स्पर्धा झाली आणि ती ह्यू केनेडी या रखवालदाराने जिंकली. १९०४ मध्ये वेधशाळा बंद पडली, शर्यतीही थांबल्या आणि त्यांचे पुनरुज्जीवन व्हायला १९३७ साल उजाडले. याच डोंगरावर १९५५ मध्ये, स्त्रियांना अधिकृत प्रवेश नसताना, १६ वर्षांची कॅथलीन कॉनाकी ३ तास २ मिनिटांत चढून उतरली. डोंगर बायकांना झेपणार नाही, या समजुतीला तिने दिलेले हे उत्तर पुरेसे होते, असे मला वाटते. तरीही नियम बदलायला बराच काळ गेला.

ब्रिटिश परंपरेत उतरणे हा शर्यतीचा अर्धा भाग असतो आणि बहुधा तोच निर्णायक ठरतो. चढताना दम लागतो. उतरताना मात्र मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच प्रत्येक पावलाचा भार पेलतात, पायाखालचे दगड निसटतात आणि पुढचे पाऊल कुठे टाकायचे हे क्षणार्धात ठरवावे लागते. आल्प्सच्या परिसरात याउलट दरीतून सुटायचे आणि उंचावर संपवायचे, ही रीत रुजली. स्वित्झर्लंडमध्ये १९७४ मध्ये सुरू झालेली सिएर-झिनाल ही शर्यत या दोहोंच्या मधली म्हणता येईल: ३१ किलोमीटरमध्ये सुमारे २,२०० मीटर चढ आणि त्याच्या निम्मा उतार. अमेरिकेत अलास्कातील माउंट मॅरेथॉनची शर्यत १९१५ पासूनची आहे. कोलोरॅडोतील पाइक्स पीकची शर्यत १९५६ मध्ये धूम्रपान करणारे आणि न करणारे यांच्यातील आव्हानातून जन्मली; ४,३०२ मीटर उंचीच्या त्या शिखरावरून परत येण्यात एकही धूम्रपान करणारा यशस्वी झाला नाही.

म्हणूनच १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली, तेव्हा डोंगरी शर्यत नेमकी कशाला म्हणायचे, हा खरा प्रश्न होता. १९८५ मध्ये इटलीतील सान विजिलियो दि मारेब्बे येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुढे एका वर्षी फक्त चढाची आणि दुसऱ्या वर्षी चढ-उताराची शर्यत, अशी आलटूनपालटून पद्धत स्वीकारली गेली, म्हणजे दोन्ही परंपरांचे धावपटू आपापल्या बळावर लढू शकत. २००९ पासून या स्पर्धेला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला. दरम्यान, इटालियन गिर्यारोहक मारिनो जाकोमेत्ती यांनी १९९० च्या दशकात मों ब्लां आणि मोंते रोझा यांसारख्या हिमशिखरांवर शर्यती भरवून स्कायरनिंगचा वेगळा प्रवाह सुरू केला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये थायलंडमधील चियांग माई येथे डोंगरी आणि ट्रेल (म्हणजे रानावनातल्या पायवाटांवरच्या) शर्यतींचे पहिले एकत्रित जागतिक अजिंक्यपद झाले. तिथे केवळ चढाची आणि चढ-उताराची अशा दोन्ही शर्यती एकाच स्पर्धेत, स्वतंत्र पदकांसाठी घेतल्या गेल्या.