तापलेली गाडी पुन्हा सुरू का होत नाही?

पन्हाळ्यावर झुणका-भाकर खाऊन वीस-पंचवीस मिनिटांनी परतलो, तर घाट एका दमात चढून आलेली आमची 2001 सालची एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरांनी पेट्रोल फवारणारी) गाडी काही केल्या सुरू होईना. सेल्फ जोमाने फिरत होता, बॅटरीत काही कमी नव्हते, पण इंजिन उचलत नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी हा दोष इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा असल्याचे ठामपणे सांगितले; दुसऱ्यांनी इंजिनावर पाणी ओतण्याचा सल्ला दिला. पाऊण तासाने गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली आणि कोल्हापूरपर्यंत विनातक्रार आली. दोन्ही सल्ले सद्भावनेने दिलेले होते, पण दोन्हींत मूळ कारण निसटले होते, आणि ते समजायला शाळेतील भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

इंजिन बंद केले की ते लगेच थंड होऊ लागते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पाण्याचा पंप थांबतो, समोरून येणारा वारा थांबतो आणि तापलेल्या लोखंडातील उष्णता आजूबाजूला पसरू लागते. त्यामुळे बॉनेटखालचे तापमान सुरुवातीला काही काळ वाढतच जाते. गाडी चालू असताना इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतून, म्हणजे रेलमधून, टाकीतील थंड पेट्रोल सतत वाहत असते आणि जुन्या रचनेत उरलेले पेट्रोल परत टाकीत जाते. गाडी बंद झाली की रेलमधले पेट्रोल जागच्या जागी राहते आणि तापू लागते.

तरीही ते उकळू नये, अशी व्यवस्था मुळात केलेली असते, आणि हा या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग आहे. द्रव कोणत्या तापमानाला उकळेल, हे त्याच्यावरील दाब ठरवतो. घरच्या कुकरमध्ये पाणी 100 अंशांना न उकळता 120 अंशांच्या जवळ पोहोचते, ते याच कारणाने. आणि तापलेल्या कुकरचा दाब एकाएकी सोडला, तर आतले पाणी त्याच क्षणी भडाभडा उकळू लागते, कारण ते नव्या, कमी दाबाच्या मानाने आधीच जास्त तापलेले असते. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलक्या घटकांपैकी पेंटेन नेहमीच्या हवेच्या दाबाला 36 अंशांनाच उकळते, पण दाब चौपट केला तर 80 अंश ओलांडल्याशिवाय उकळत नाही. अशा गाड्यांच्या रेलमध्ये हवेच्या दाबाखेरीज साधारण 3 बार दाब असतो (1 बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा), म्हणजे एकूण दाब नेमका चौपटीच्या घरात जातो. इंजिन बंद केल्यावरही हा दाब बराच वेळ टिकावा, म्हणून टाकीतल्या पंपात पेट्रोल मागे न सोडणारी एक छोटी झडप असते. ती झिजली की दाब काही मिनिटांत निघून जातो आणि कुकरमधल्या पाण्याची गत रेलमधल्या पेट्रोलची होते.

मग इंजेक्टरमधून द्रवाऐवजी वाफ जाऊ लागते. गाडीतला संगणक इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा एवढेच ठरवतो आणि आत द्रवच आहे असे गृहीत धरतो. वाफेची घनता द्रवाच्या मानाने शेकडो पटींनी कमी असल्याने सिलिंडरमध्ये पेट्रोल नगण्य पोहोचते. पाऊण तासाने रेल निवली, वाफ पुन्हा द्रव झाली, आणि गाडी आपोआप सुधारल्यासारखी वाटली.

कार्बोरेटरच्या काळात ड्रायव्हर गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओले फडके बांधत, ते योग्यच होते, कारण तो पंप इंजिनावर बसवलेला असे आणि पेट्रोल ओढून घेई. ओढताना नळीतील दाब घटतो व वाफ लवकर धरते. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत बसून पेट्रोल ढकलतो, म्हणून तिथे फडक्याचा उपयोग नाही, आणि तापलेल्या इंजिनावर पाणी ओतणे तर धोक्याचेच.

इथेनॉलविषयीही नेमके बोलले पाहिजे, विशेषतः उसाच्या आपल्या जिल्ह्यात. थोडे इथेनॉल मिसळल्यावर मिश्रणाचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होण्याची ओढ, मूळ पेट्रोलपेक्षा किंचित वाढतो हे खरे, पण ही वाढ 5 ते 10 टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक असते आणि 20 टक्क्यांना त्याहून कमी होते. जुन्या गाडीतील रबराचे भाग त्याने खराब होऊ शकतात, ही चिंता वेगळी आणि रास्त आहे. मात्र दाब टिकवणारी गाडी या पेट्रोलावरही सुरू व्हायला हवी. टाकीत ओतायच्या महागड्या बाटल्यांनी झिजलेली झडप बरी होत नाही, आणि बॉनेटला बांधलेल्या लिंबू-मिरचीनेही नाही.

खात्री करण्याची पहिली युक्ती फुकट आहे. सेल्फ न मारता चावी फक्त चालू करावी, दोन सेकंद पंपाची घरघर ऐकावी, चावी बंद करावी, आणि असे तीन-चार वेळा करून मग सेल्फ मारावा. गाडी लगेच उचलली, तर दाब गळतो आहे असे समजावे. पुढचे काम मात्र मेकॅनिककडेच करावे, कारण तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोलची नळी सोडणे जिवावर बेतू शकते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गाडीला दाब मोजणारे गेज लावले, तेव्हा बंद केल्यावर काटा 3 बारवरून पाच मिनिटांत शून्यावर आला. पुन्हा दाब भरून पंपाकडून येणारी रबरी नळी क्लॅम्पने चिमटली, तर काटा जागेवर थांबला. म्हणजे गळती पंपाच्या झडपेत होती. परतीची नळी चिमटल्यावर काटा थांबला असता, तर दोष रेलमधला दाब नियंत्रित करणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरचा ठरला असता. दोन्हींनी थांबला नसता, तर इंजेक्टर ठिबकत असल्याचा संशय घ्यावा लागला असता.

इंजेक्टर ठिबकत असेल तर उलटे होते, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त होते आणि धुराड्याला वास येतो; तेव्हा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास बहुतेक गाड्यांचा संगणक पेट्रोल तोडतो आणि इंजिन मोकळे होते. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बिघडून तापलेल्या इंजिनाला थंड समजत असेल, तरी लक्षण असेच दिसते. बऱ्याच गाड्यांत त्याचा रोध 20 अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, तर 80 अंशांना तीनशेच्या आसपास असतो, आणि तो साध्या मल्टिमीटरने मोजता येतो. इंजिन फिरत असल्याचे संगणकाला कळवणाऱ्या क्रँकच्या सेन्सरमधील तांब्याच्या बारीक तारेला तडा असेल, तर तो तापल्यावर उघडतो आणि ठिणगी व पेट्रोल दोन्ही एकदम बंद होतात. अशा वेळी सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अनेकदा जराही हलत नाही, आणि चावी कितीही वेळा चालू-बंद केली तरी फरक पडत नाही.