बौद्धिक क्षमता : आनुवंशिकता आणि परिस्थिती

नवे शिकणे, ध्यानात ठेवणे, तर्क चालवणे, शब्दांतले व आकृत्यांतले संबंध ओळखणे या कामांत माणसामाणसांत फरक असतो. त्यातला किती वारशाने येतो, किती परिस्थितीने आणि वयाबरोबर हे प्रमाण कसे बदलते, हा वर्तन-आनुवंशिकीतील (वागणूक व क्षमतांवरील वारशाचा प्रभाव अभ्यासणाऱ्या शास्त्रातील) एक जुना प्रश्न आहे. ‘खाण तशी माती’ ही म्हण त्याची एकच बाजू सांगते.

आधी एक गफलत दूर करायला हवी, कारण ती सुशिक्षितांकडूनही सर्रास होते. ‘आनुवंशिकतेचा वाटा ६० टक्के’ याचा अर्थ एखाद्या मुलीची ६० टक्के बुद्धी आईबापांकडून आली, असा होत नाही. हा आकडा एका विशिष्ट समूहातील फरकांचा असतो. एकाच वावरात सारखे खतपाणी मिळालेल्या ज्वारीची ताटे कमीजास्त उंचीची निघाली, तर तो फरक बहुतेक बियाण्याचा. खतपाणी कुठे भरपूर, कुठे तुटपुंजे दिले, तर बियाणे तेच असूनही त्याचा वाटा कमी भरेल. माणसांचेही तसेच आहे.

वाटा मोजण्याची मुख्य साधने दोन. एक म्हणजे जुळ्यांची तुलना : एका फलित अंड्यातून जन्मलेल्या समरूप जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात, तर दोन अंड्यांतून जन्मलेल्या जुळ्यांत साध्या भावंडांइतकेच साम्य असते; समरूप जुळी बुद्धीत जितकी अधिक सारखी, तितका वारशाचा वाटा मोठा. दुसरे म्हणजे दत्तक मुलांचा अभ्यास : ती जन्मदात्यांसारखी निघतात की सांभाळणाऱ्यांसारखी, हे त्यात पाहतात.

वय वाढते तसे परिस्थितीचे संस्कार साचत जातील आणि वारसा मागे पडेल, असे कोणालाही वाटेल. आढळते नेमके उलट. अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स व ऑस्ट्रेलियातील सुमारे ११,००० जुळ्या जोड्यांची माहिती एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सरासरी ९ व्या वर्षी ४१, १२ व्या वर्षी ५५ आणि १७ व्या वर्षी ६६ टक्के आढळला. तान्ह्या वयात तो याहून बराच कमी असतो. अमेरिकेतील लुईव्हिल येथे जुळ्यांचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या रोनाल्ड विल्सन यांच्या नावाने ही वाढ ‘विल्सन परिणाम’ म्हणून ओळखली जाते. तिचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे : लहान मूल घरचे देतील ते घेते, मोठे झाल्यावर ते आपली पुस्तके, मित्र, अभ्यासाचे विषय स्वतः निवडू लागते. या निवडीमागे स्वभावातला जन्मजात कल असतो आणि निवडलेली परिस्थिती त्या कलाला आणखी खतपाणी घालते. म्हणजे या वाढत्या आकड्यात परिस्थितीचाही हात असतो, फक्त तो जनुकांच्या खात्यावर जमा होतो.

वाटा मोठा म्हणजे बुद्धी न बदलणारी, हा निष्कर्ष मात्र चूक आहे. फिनाइलकीटोन्युरिया हा विकार एका जनुकातील दोषाने होतो, तरी जन्मतःच तो ओळखून आहार सांभाळला की मेंदूची हानी टळते. फ्रान्समध्ये हलाखीत वाढलेली, चार ते सहा वर्षांच्या वयात दत्तक गेलेली मुले पाहण्यात आली. दत्तक जाण्यापूर्वी त्यांचा सरासरी बुद्ध्यंक ७७ होता. पौगंडावस्थेत तो नव्या घराच्या सामाजिक-आर्थिक स्थितीनुसार सुमारे ८ ते १९ गुणांनी वाढलेला आढळला. नॉर्वेत सक्तीचे शिक्षण सात वर्षांवरून नऊ वर्षांवर नेले, तेव्हा शाळेच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे तरुणांच्या बुद्ध्यंकात सुमारे ३.७ गुणांची भर पडली.

गरिबीत वारशाचा वाटा घटतो का, हा प्रश्न अजून वादाचा आहे. अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्यांवरील २००३ च्या अभ्यासात गरीब घरांतून तो जवळपास शून्य, तर सुखवस्तू घरांतून मोठा दिसला; पश्चिम युरोप व ऑस्ट्रेलियातील माहितीत असा फरक आढळला नाही. धारवाडला वि. वि. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने कसोटी (मुलांची बुद्धी मोजणारी मूळची फ्रेंच चाचणी) मराठी व कन्नड मुलांसाठी बेतली, म्हणजे बुद्धिमापन आपल्याकडे जुनेच. पण वरील टक्केवारी आपल्याकडच्या मुलांवरून काढलेली नाही. शाळाशाळांत, घराघरांत इतकी तफावत असलेल्या समाजाला ती जशीच्या तशी लावू नये.

आयुष्यभराच्या प्रवासाचा सर्वांत मोलाचा पुरावा स्कॉटलंडचा आहे. १ जून १९३२ रोजी तेथे १९२१ साली जन्मलेल्या ८७,४९८ शाळकरी मुलांनी एकच बुद्धिकसोटी दिली. १९४७ मध्ये १९३६ साली जन्मलेल्या ७०,८०५ मुलांची परीक्षा झाली. या नोंदी शतकाच्या अखेरीस लॉरेन्स व्हॉली आणि इयन डिअरी या संशोधकांनी पुन्हा कामी आणल्या. १ जून १९९८ रोजी, बरोबर ६६ वर्षांनी, ॲबर्डीनमध्ये १०१ वृद्धांनी तीच कसोटी पुन्हा सोडवली. दोन वेळच्या गुणांतील सहसंबंध (पूर्ण मेळ असेल तर १, मेळ नसेल तर ०) ०.६३ निघाला. पाळण्यात पाय दिसत नसले, तरी अकराव्या वर्षी ते बरेचसे दिसतात. आणि तरीही सत्तरीतला निम्म्याहून अधिक फरक त्या गुणांवरून सांगता येत नाही.

उतारवयातही वारशाचा प्रभाव टिकतो. स्वीडनमधील ८० वर्षांवरील जुळ्यांत तो ६२ टक्के आढळला. पण बालपण ते वार्धक्य या काळात कोणाची बुद्धी टिकली आणि कोणाची ओसरली, या बदलातील फरकात जनुकांचा वाटा स्कॉटिश माहितीवरून २०१२ मध्ये सुमारे २४ टक्केच काढला गेला, आणि तोही बराच सैल अंदाज होता. उरलेल्याचा शोध घेताना अकराव्या वर्षाचे गुण हाताशी असणे फार उपयोगी पडले. उदाहरणार्थ, सत्तरीत अधिक कॉफी पिणाऱ्यांची बुद्धी तल्लख दिसत होती. बालपणीचे गुण आणि सामाजिक स्थिती हिशेबात घेताच तो संबंध बहुतांशी मावळला. ती माणसे लहानपणापासूनच तल्लख होती.