फोर-लो टाकताना गाडी थांबवायलाच का लागते

फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेतलेले बरेच जण टू-एच (दोन चाकांना ताकद, नेहमीचा वेग) आणि फोर-एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) बिनधास्त वापरतात पण फोर-एल म्हणजे फोर-लोला (चारही चाकांना ताकद, संथ वेग) सहसा हात लावत नाहीत, आणि लावतात तेव्हा गाडी आधीच चिखलात बसलेली असते, मग चाकं फिरत असतानाच लिव्हर ओढायचा, आतून कर्रर्र आवाज आला की गाडीला नावं ठेवायची. आत काय चाललंय ते एकदा कळलं ना की हा लिव्हर कधी आणि कसा टाकायचा हे कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची अजून एक पेटी असते. ती ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते आणि तिच्यातच लो रेंजचे जादा दाते असतात. ट्रॅक्टर चालवलेल्यांना हे लगेच कळेल, तिथे चार गिअर आणि शेजारी हाय-लोचा लिव्हर, म्हणून आठ पुढचे आणि दोन मागचे होतात. इथेही तसंच, लो टाकला की सगळेच्या सगळे गिअर हळू होतात.

किती हळू? मॅन्युअल गिअरची मारुती जिमनी घेऊ. पहिला गिअर ४.४२५, लो रेंज २.००२ आणि डिफरन्शियल (ॲक्सलमधले दाते) ४.०९, हे सगळे वेग कमी करण्याचे आकडे. तिन्हींचा गुणाकार साधारण ३६, म्हणजे इंजिनाच्या ३६ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. आयडलिंग ८०० आरपीएम धरलं तर हाय रेंजला पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी साधारण ६ किलोमीटरने सरकते, लोमध्ये ३ ने, म्हणजे शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जाईल. जीपच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये तर नुसती लो रेंजच ४ पट आहे.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. लोक म्हणतात लो म्हणजे ताकद, आणि ते खोटं नाही. जिमनीचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, १३४ न्यूटन मीटर, गुणिले ३६ केला आणि टायरच्या त्रिज्येने भागला तर जमिनीवरचा जोर जवळपास १,४०० किलो वजनाइतका येतो. गाडीच जेमतेम १,२०० किलोची! घर्षणात जातं ते सोडलं तरी एवढा जोर कोरड्या डांबरावरसुद्धा टायरला नीट पेलत नाही, ओल्या मातीत तर प्रश्नच नाही. म्हणजे लो टाकल्याने पकड वाढत नाही, पकड टायर आणि जमीन यांच्यातच ठरते. लोमुळे मिळतो तो संथपणा. चाक घसरायला लागलं की पकड अजून कमी होते, आणि लोमध्ये ॲक्सिलरेटरवर पाय थोडा जास्त पडला तरी चाक एकदम भिरभिरत नाही, दगडावर हळूहळू चढतं. भुसभुशीत जागी तर लोचा पहिला गिअर जास्तच होतो, दुसऱ्याने निघालेलं बरं. एवढा टॉर्क एकट्या मागच्या ॲक्सलवर पडू नये म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय लो पडतच नसे.

मग थांबायचं कशाला? साध्या गिअरमध्ये सिंक्रोनायझर असतो, तो दोन शाफ्टचे वेग जुळवून देतो. लो रेंजमध्ये बहुतेक गाड्यांत तो नसतोच, एक दातेरी बाही सरकते आणि थेट दुसऱ्या दात्यांत घुसते. जिमनी ताशी २० ने चालली असेल तर ट्रान्सफर केसमधून चाकांकडे जाणारा शाफ्ट मिनिटाला सव्वासहाशेच्या आसपास फिरतोय, आणि लो पडायचा तर गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट साडेबाराशेने फिरायला हवा, तो तर क्लच दाबल्यावर उलट मंदावत असतो. दाते एकमेकांवर घासणार नाहीतर काय! गाडी उभी असली की हा फरक शून्य. फक्त कधी कधी दात्यासमोर दाताच येतो आणि लिव्हर अडतो, तेव्हा जोर करू नका, गिअर न्यूट्रलला घेऊन क्लच एकदा सोडा आणि परत दाबा, शाफ्ट थोडासा फिरतो आणि दाते बसतात. म्हणूनच काही कंपन्या ताशी ३-५ किलोमीटरने गाडी सरकत ठेवायला सांगतात, काही पूर्ण थांबायला, आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तेच करायचं.

इथे एक धोका आहे आणि तो कळकळीने सांगतो. हायमधून लोमध्ये जाताना मधे न्यूट्रल येतं, आणि त्या क्षणी चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तुटतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये असो नाहीतर ऑटोमॅटिक पी (पार्किंग) मध्ये, ती धरली जात नाही, चढावर असाल तर सरळ मागे येते. त्यामुळे ब्रेकवर पाय घट्ट हवा, हँडब्रेक ओढलेला हवा, आणि शक्यतो चढ सुरू व्हायच्या आधीच सपाटीवर लो टाकून घ्यायचा.

उतारावर लोच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, तेव्हा क्लच दाबायचा मोह आवरा. क्लच दाबला, गाडी सुटली आणि ताशी ४० ला गेली तर तोच ३६ चा गुणाकार उलटा लागतो, क्लच प्लेट ११,००० आरपीएमने फिरायला लागते आणि तिचं अस्तर उडू शकतं, इंजिन मात्र निवांत आयडलिंगला, त्यामुळे टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्यावर, काहीच दिसत नाही.

लोमधून बाहेर येताना परत तेच, थांबा, क्लच, लिव्हर. कडक जमिनीवर वळणं घेतली असतील तर लिव्हर अडकतो, कारण वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, पण पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट एकत्र बांधलेले असतात, त्यामुळे मधे पीळ साठतो. गाडी सरळ ठेवून थोडी रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर दोन बोटांनी येतो.