ईएनटीचा थिसिस: एथिक्स कमिटी आणि सीटीआरआय नोंदणीत अर्ज नेमके कुठे अडतात

कान-नाक-घशाच्या विभागातले थिसिस बहुतेक वेळा तारखांवर अडतात. विषय चांगला असतो, गाईड अनुभवी असतात, ओपीडीत पेशंटची रांग असते. पण एथिक्स कमिटीचं, म्हणजे अभ्यासात पेशंटचं हित जपलं जातं का ते तपासणाऱ्या समितीचं, मंजुरीपत्र येण्याआधीच चार-पाच जणांची नावं मास्टर चार्टमध्ये (अभ्यासातल्या पेशंटच्या तक्त्यात) चढलेली असतात. त्या पेशंटचा डेटा नंतर कोणीच नियमित करून देऊ शकत नाही. झालेल्या अभ्यासाला मागाहून मंजुरी हा प्रकार आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत नाही. हे सांगताना समोरच्या रेसिडेंटचा चेहरा उतरलेला पाहणं फार त्रासदायक असतं. म्हणून ज्या जागी अर्ज परत येतात, त्या इथे सविस्तर लिहिल्या आहेत. हे मुख्यतः रेसिडेंटसाठी आहे, पण स्वतःच्या दवाखान्यात अभ्यास करू इच्छिणाऱ्या ईएनटी डॉक्टरांनाही उपयोगी पडेल.

मंजुरी कुणाला लागते

माणसांवरच्या, त्यांच्या नमुन्यांवरच्या किंवा त्यांच्या कागदपत्रांवरच्या प्रत्येक अभ्यासाला लागते. "मॅडम, मी फक्त जुने केसपेपर बघणार आहे, मग कमिटी कशाला?" हा प्रश्न वारंवार येतो. २०२१मध्ये म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) पेशंट आले आणि पुढे त्या फायलींवर अभ्यास करायचा म्हणून अनेकांनी थेट रेकॉर्ड रूम गाठली. जुन्या नोंदींवरच्या अभ्यासालाही अर्ज करावाच लागतो. त्याची तपासणी हलकी असू शकते आणि पेशंटच्या संमतीतून सूट मागता येते. मात्र सूट कमिटी देते, तीही लेखी. आपण गृहीत धरायची नसते.

याच्या उलट चूकही दिसते. आजपासून येणारे पेशंट घ्यायचे, त्यांना जास्तीचे दोन प्रश्न विचारायचे आणि अर्जात मात्र अभ्यास पूर्वलक्षी, म्हणजे जुन्या नोंदींवरचा, म्हणून लिहायचा. कमिटीतल्या कुणीही डेटा गोळा करण्याचा कालावधी वाचला की हे लगेच उघड होतं.

कमिटी नोंदणीकृत आहे का, ते आधी बघा

न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, २०१९नुसार कमिट्यांच्या नोंदणीचे दोन वेगळे मार्ग आहेत. नव्या औषधांच्या ट्रायल (पेशंटना उपचार देऊन केलेले अभ्यास) तपासणारी कमिटी केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे नोंदवलेली लागते. इतर आरोग्य संशोधन, म्हणजे बहुतेक थिसिस, तपासणारी कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे 'नैतिक' पोर्टलवरून नोंदवलेली लागते. एक नोंदणी आहे म्हणून दुसरीचं काम होत नाही. मुदत संपलेल्या कमिटीचं मंजुरीपत्र पुढे सीटीआरआयवर (ट्रायलची नोंदणी होते त्या रजिस्ट्रीवर) अडकतं आणि तोवर महिने गेलेले असतात. अर्ज करतानाच कार्यालयात कमिटीचा नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत विचारा. विचारायला संकोच वाटतो हे खरं, पण हा तुमचा हक्क आहे.

खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांची अडचण वेगळी. त्यांच्याकडे कमिटीच नसते. क्लिनिकल ट्रायलसाठी नियमांनी वाट ठेवली आहे: त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली दुसरी नोंदणीकृत कमिटी तुमचा प्रस्ताव तपासू शकते. जवळच्या मेडिकल कॉलेजला आधी लेखी विचारा, बाहेरचे प्रस्ताव घेतात का आणि फी किती.

फॉर्म आणि बैठकीची तारीख

आयसीएमआरचा सामाईक अर्ज, प्रोटोकॉल (अभ्यासाचा सविस्तर आराखडा), केस रेकॉर्ड फॉर्म (प्रत्येक पेशंटची माहिती भरायचा फॉर्म), गाईड आणि विभागप्रमुखांच्या सह्या, बायोडेटा, जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस) प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, खर्चाचा अंदाज. हे सगळं सहज जमतं. प्रत्येक कागदावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका, कारण मंजुरीपत्रात तेच लिहून येतं. आणि शीर्षक सगळीकडे अक्षरशः एकच ठेवा. सिनॉप्सिसमध्ये (थिसिसच्या सुरुवातीच्या संक्षिप्त आराखड्यात) एक, कमिटीच्या अर्जात दुसरं आणि संमतीपत्रावर तिसरं, हे फार वेळा घडतं.

बैठकीच्या तारखेचा गैरसमज मात्र नेहमीचा. बैठकीच्या दिवशी अर्ज देऊन चालत नाही. अजेंडा त्याआधीच बंद होतो, कारण सदस्यांना वाचायला वेळ लागतो. कोरमसाठी किमान पाच सदस्य लागतात आणि औषधांच्या ट्रायल तपासताना त्यांत कायदा जाणणारी व्यक्ती व सामान्य नागरिक असावेच लागतात. वकील आले नाहीत म्हणून बैठक पुढे गेली, हे अनेक ठिकाणी होतं. कमिट्यांनी वर्षाचं वेळापत्रक आधी जाहीर केलं तर विद्यार्थ्यांचे हेलपाटे वाचतील. इतकी साधी गोष्ट का होत नाही, याला पटेल असं उत्तर नाही.

मराठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र

परत येणाऱ्या अर्जांत सर्वाधिक दोष इथेच असतात. इंग्रजी पत्रक मशीनमधून काढून तसंच जोडलेलं असतं. बीडहून आलेल्या आजींना 'मध्यकर्णाचा जुनाट दाह' काय कळणार? कान वाहतो, पडद्याला भोक आहे, घोळणा फुटतो, नाकाचं हाड वाकडं आहे, असं लिहा. पेशंट ओपीडीत जे बोलतात तेच पत्रकात यायला हवं. नंतर ते विभागाबाहेरच्या कुणाला, शक्य तर वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या माणसाला, वाचून दाखवा. अनेक कमिट्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून मागतात, तेही सोबत ठेवा.

हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी अशा. भाग न घेतल्यास उपचारात फरक पडणार नाही, हे वाक्य. मध्येच बाहेर पडता येतं, हे दुसरं. इजा झाली तर उपचार कोण करणार. आणि कमिटीच्या सदस्य सचिवांचा फोन नंबर, जिथे नेहमी टिंबं सोडलेली असतात. एंडोस्कोपीचा व्हिडिओ किंवा चेहऱ्याचा फोटो वापरणार असाल तर त्याची संमती वेगळी घ्या.

वाचता न येणारा पेशंट असेल तर अंगठ्यासोबत त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते. वॉर्डातली सिस्टर किंवा तुमचाच ज्युनियर त्रयस्थ होत नाही. अभ्यासाशी संबंध नसलेली व्यक्ती हवी. संमतीची व्हिडिओ रेकॉर्डिंग लागेल का, ही भीती मात्र सोडा. ती नव्या रेणूंच्या औषधांच्या ट्रायलमध्ये, असुरक्षित गटातल्या सहभागींसाठी बंधनकारक आहे.

मुलं

टॉन्सिल, अ‍ॅडेनॉइड, कानात पाणी साठणं, जन्मजात बहिरेपण. ईएनटीचे निम्मे विषय मुलांचे वाटावेत इतकी मुलं ओपीडीत असतात, तरी अर्जांत मुलांचं स्वतःचं संमतीपत्र नसतं. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाला त्याला कळेल असं सांगून आईवडिलांसमोर तोंडी होकार घ्यायचा असतो. १२ ते १८ वयात साधा लेखी होकार. पालकांची संमती दोन्ही वयांत लागतेच. जोखीम अगदी किरकोळ असेल किंवा मुलाला थेट फायदा असेल तर सहसा एका पालकाची पुरते. त्यापलीकडे दोघांची मागू शकतात. सोबत आलेल्या आजीची किंवा मामाची सही पालकांची म्हणून घेतलेली असते, ती चालत नाही. कायदेशीर पालक असेल तरच. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांची मुलं आजीबरोबर येतात, अशा वेळी ऑपरेशनसाठी ते येतील तेव्हा संमती घ्यायची असं प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेवा.

ऐकू न येणारा पेशंट संमती कशी देणार

आपल्या विषयात हा प्रश्न रोजचा आहे आणि अर्जांत क्वचितच दिसतो. दोन्ही कानांनी कमी ऐकणाऱ्या माणसाला तोंडी समजावलं, त्याने मान हलवली, झालं, असं नको. लेखी पत्रक, शांत खोली, मास्क काढून समोर बसून सावकाश बोलणं आणि शेवटी त्याच्याकडून अभ्यासाची माहिती परत सांगून घेणं, एवढं प्रोटोकॉलमध्ये लिहिलंत तरी कमिटीचं समाधान होतं. सांकेतिक भाषा वापरणाऱ्यांसाठी दुभाषी लागतो आणि तो घरातला नातेवाईक नसलेला बरा. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचं प्रशिक्षण चालतं, चौकशीला तिथून सुरुवात करता येईल. स्वरयंत्र काढलेल्या पेशंटला ऐकू येतं पण बोलता येत नाही. त्याचे प्रश्न पाटीवर किंवा कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फाईलला जोडा.

तपासणीचे पैसे कोण देणार

कानाच्या हाडाचं सीटी स्कॅन, बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ती तपासणी), परत परत ऑडिओमेट्री (ऐकू किती येतं ती तपासणी). यातलं उपचाराला लागणारं किती आणि फक्त थिसिससाठी किती, हे वेगळं लिहा. फक्त थिसिससाठीच्या तपासणीचा खर्च पेशंटवर टाकता येत नाही. "पेशंट करून घेतीलच" हे उत्तर कमिटी स्वीकारत नाही आणि स्वीकारूही नये. लहान मुलाला केवळ अभ्यासासाठी सीटीचे किरण किंवा बेरासाठी झोपेचं औषध देणार असाल, तर नकाराची तयारी ठेवा.

औषध बाजारात आहे, पण वापर नवा आहे

अचानक ऐकू येणं बंद झालेल्या पेशंटला पडद्यातून स्टेरॉइडचं इंजेक्शन, किंवा घोळणा फुटल्यावर ट्रानेक्सामिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन बोळ्यावर घालून नाकात ठेवणं. औषध मंजूर आहे, पण देण्याचा मार्ग किंवा कारण मंजुरीत नसू शकतं. अशा अभ्यासाला २०१९चे नियम शैक्षणिक क्लिनिकल ट्रायल म्हणतात. कमिटीने मंजुरी दिली आणि निष्कर्ष औषधाच्या परवान्यासाठी वापरायचे नसतील, तर केंद्राची वेगळी परवानगी लागत नाही. मात्र मंजूर केलेल्या अशा ट्रायलची माहिती कमिटीने केंद्रीय परवाना प्राधिकरणाला कळवायची असते. अभ्यास शैक्षणिक की औषधाच्या परवान्यासाठीचा अशी शंका असेल, तर तीही. ३० दिवसांत प्राधिकरणाचं म्हणणं आलं नाही तर परवानगीची गरज नाही असं धरलं जातं.

गोची होते ती या पत्रावर. विद्यार्थ्याला वाटतं गाईडने पाठवलं, गाईडला वाटतं कार्यालयाने. पत्र पाठवायचं काम कमिटीचं आहे. तुम्ही त्याची प्रत आणि पोच मागून घ्या. ३० दिवस पत्र पोचल्यापासून मोजतात, मंजुरीपासून मोजत नाहीत.

सीटीआरआय

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया २००७मध्ये सुरू झाली. १ एप्रिल २०१८पासून ती फक्त आगाऊ नोंदणी घेते, म्हणजे पहिला पेशंट घेण्याआधी. नोंदणीला फी नाही.

पहिला गैरसमज: औषध नाही, म्हणजे ट्रायल नाही. दुर्बिणीने केलेली टिम्पॅनोप्लास्टी (कानाचा पडदा दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया) आणि मायक्रोस्कोपने केलेली, अशी तुलना करताना कोणता पेशंट कोणत्या गटात जाणार हे अभ्यास ठरवत असेल, तर ती ट्रायलच आहे. शस्त्रक्रिया, पडद्यावर लावलेलं पीआरपी (पेशंटच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटयुक्त द्रव), चक्करेचे व्यायाम, सगळं यात येतं. नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासाचीही नोंद तिथे करता येते. कॉलेजचा नियम काय, ते विचारा.

दुसरा, आणि सर्वांत महागात पडणारा: फॉर्म सबमिट केल्यावर 'आरईएफ'ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. ती फक्त पोच आहे. नोंदणी झाली असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा 'सीटीआरआय', मग वर्ष, महिना आणि आकडे असा क्रमांक येतो. दरम्यान तपासणारे शंका काढून फॉर्म तुमच्या खात्यात परत पाठवतात. ईमेल ज्या पत्त्यावर जातो तो कधीकधी पास होऊन गेलेल्या सिनियरचा असतो. फॉर्म तुमच्याकडे पडून असतो आणि तुम्ही दिल्लीहून सीटीआरआयच्या उत्तराची वाट बघत बसता. दर दोन-तीन दिवसांनी खातं उघडून बघा.

तिसरा: पहिला पेशंट घेण्याची अपेक्षित तारीख. अनेक जण मंजुरीपत्राचीच तारीख टाकतात. शंकानिरसन होईतो ती उलटून जाते आणि फॉर्म पुन्हा अडतो. ऐसपैस पुढची तारीख द्या. कमिटीची मंजुरी यायची असताना फॉर्म भरून ठेवता येतो, क्रमांक मात्र मंजुरीपत्र जोडल्यावरच मिळतो.

शंका बहुतेक त्याच त्या असतात. मुख्य निष्कर्ष 'सुधारणा' असा मोघम लिहू नका. तीन महिन्यांनी पडदा शाबूत आहे का आणि ऑडिओमेट्रीत एअर-बोन गॅप (हवेतून आणि हाडातून ऐकू येण्यातला फरक) किती डेसिबलने कमी झाला, असं मोजमाप आणि वेळ दोन्ही लिहा. सम-विषम ओपीडी नंबरने केलेले गट यादृच्छिक ठरत नाहीत. संगणकाने काढलेली यादी आणि बंद लिफाफे हवेत.

वेळेचं गणित

एमएसची तीन वर्षं म्हणजे ३६ महिने. थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा, म्हणजे ३०व्या महिन्यात. लिहायला आणि गाईडच्या दुरुस्त्यांना दोन महिने धरा. टिम्पॅनोप्लास्टीनंतर सहा महिने पाठपुरावा ठेवला असेल तर शेवटचं ऑपरेशन २२व्या महिन्यात व्हायला हवं. मंजुरी आणि सीटीआरआय क्रमांक आठव्या महिन्यात मिळाले, तर पेशंट घ्यायला १४ महिने उरतात. विभागात महिन्याला पात्र ठरतील असे किती पेशंट येतात ते ओटी रजिस्टरवरून मोजा आणि मग नमुना आकार (अभ्यासात एकूण किती पेशंट घ्यायचे तो आकडा) ठरवा. मध्येच आकार, गट किंवा पाठपुरावा बदलावा लागला तर आधी कमिटीकडे दुरुस्ती अर्ज, मग सीटीआरआयवर बदल, आणि त्यानंतरच नव्या पद्धतीने पुढचा पेशंट.