ऊतीसंवर्धनातून औषधी द्रव्यनिर्मिती

औषधी वनस्पतीच्या पेशी, ऊती किंवा मुळे निर्जंतुक पोषक माध्यमात वाढवून त्यांतून औषधी द्रव्य काढून घेण्याची पद्धत. ऊतीसंवर्धन म्हणजे टिश्यू कल्चर म्हटले की महाराष्ट्रात केळीची रोपे आठवतात. तिथे रोप हवे असते. इथे रोपाची गरजच नसते, पेशी हेच पीक.

वनस्पतीची सुटी पेशी कृत्रिम माध्यमात वाढवण्याची कल्पना ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडली. त्यांच्या प्रयोगांत पेशी जगल्या, पण विभागल्या नाहीत. १९६२ मध्ये मुराशिगे व स्कूग यांनी तयार केलेले क्षार, साखर व जीवनसत्त्वांचे माध्यम आजही बहुतेक प्रयोगशाळांत वापरतात. पानाचा किंवा मुळाचा निर्जंतुक केलेला तुकडा त्यावर ठेवून ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही संप्रेरके योग्य प्रमाणात दिली, की आकारहीन पेशींचा गोळा वाढतो. त्याला कॅलस म्हणतात. तो द्रव माध्यमात घालून सतत हलवत ठेवला की पेशी सुट्या होतात, आणि मग त्या बायोरिअ‍ॅक्टरच्या टाकीत वाढवता येतात.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. अल्कलॉइडांसारखी (नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू) द्रव्ये वनस्पती बहुधा स्वसंरक्षणासाठी, ठरावीक अवयवात व ठरावीक वयात बनवते. भराभर विभागणाऱ्या पेशीला त्यांची गरज नसते. त्यामुळे पेशी भरपूर आणि औषध जवळजवळ शून्य, असे वारंवार घडते.

जपानमधील शिकोनिनच्या कामात यावर नेमका उपाय सापडला, म्हणून ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे. मुरासाकी या वनस्पतीच्या जांभळ्या मुळांतले हे द्रव्य जखमेवरच्या मलमात आणि रंगासाठी वापरत. मुळे काढणीला यायला काही वर्षे लागतात, आणि जपानच्या रानातून ही वनस्पती जवळजवळ संपली होती. क्योतो विद्यापीठातील मामोरू ताबाता यांच्या गटाला आढळले, की प्रकाश, अमोनियम रूपातील नायट्रोजन आणि २,४-डी हे कृत्रिम ऑक्सिन या तिन्हींमुळे शिकोनिन बनणे थांबते. यांतला अमोनियम वाढीच्या नेहमीच्या माध्यमात असतोच. म्हणून मित्सुई पेट्रोकेमिकल कंपनीने दोन टाक्या वापरल्या: पहिलीत पेशी फक्त वाढवायच्या, दुसरीत माध्यम बदलून त्यांच्याकडून द्रव्य बनवून घ्यायचे. सुमारे तीन आठवड्यांत पेशींतील शिकोनिनचे प्रमाण मुळांतल्यापेक्षा कितीतरी पट जास्त झाले. १९८३ च्या सुमारास हे उत्पादन बाजारात आले. लिपस्टिकमध्येही ते वापरले गेले.

पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरील औषधाची कहाणी अधिक निकडीची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालीतून ते मिळे, आणि साल सोलली की झाड मरे. पेशीसंवर्धनात मिथाइल जास्मोनेट हे वनस्पतींतील इशारा देणारे द्रव्य घातले, की पेशींना जणू हल्ला झाल्याचा संकेत मिळतो आणि त्या हे द्रव्य जास्त बनवू लागतात. आज पॅक्लिटॅक्सेलचे व्यापारी उत्पादन पेशीसंवर्धनातूनही होते.

सदाफुलीने मात्र अजून दाद दिलेली नाही. तिच्या पानांतील व्हिनब्लास्टिन व व्हिनक्रिस्टिन ही औषधे अत्यल्प प्रमाणात असतात, म्हणून संवर्धनाची ओढ मोठी. पण त्यांच्या निर्मितीचे टप्पे पानातील वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींत विभागलेले आहेत, आणि एकसारख्या सुट्या पेशींत ती साखळी पूर्ण होत नाही. मुळांत तयार होणाऱ्या द्रव्यांसाठी अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजेनीस या जिवाणूच्या संसर्गाने केसाळ मुळे निर्माण करतात. ती संप्रेरकांशिवाय वाढतात आणि सुट्या पेशींपेक्षा भरवशाने द्रव्य देतात.

सह्याद्रीत हा प्रश्न नरक्या या झाडापाशी येऊन भिडतो. त्यातील कॅम्पटोथेसिनपासून टोपोटेकान व इरिनोटेकान ही कर्करोगावरील औषधे बनवतात, आणि त्यापायी पश्चिम घाटात या झाडाची बेसुमार तोड झाली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या पेशी द्रव माध्यमात वाढवून हे द्रव्य मिळवले गेले, पण पेशींतील त्याचे प्रमाण झाडातल्यापेक्षा फारच कमी राहिले. म्हणून तूर्त ऊतीसंवर्धनाने नरक्याची रोपे तयार करून त्यांची लागवड करणे, हाच अधिक व्यवहार्य मार्ग आहे.